तेविसावं डोकं

२ डिसेंबर १९८१, बुधवार

आज सात डोकी धुतली. मी टेक्निशियन आहे की न्हावी, तेच कळत नाही!

बालसदनाची पोरं डोक्याला तेल चोपडूनच येतात. सदन चालवणाऱ्या अण्णाजींचा नियम — बाहेर जायचं तर तेल-कंगवा झालाच पाहिजे. अन् तेलावर माझी वायर चिकटत नाही. मग नळाखाली डोकं धर, साबण लाव, पूस, वाळव. तोवर डॉक्टर उमाटे दारातून दोनदा डोकावून जातात — 'हरिदास, झालं का?' काय झालं का! डोकी काय भांडी आहेत?

डॉक्टरांचं संशोधन चालू आहे. पंचवीस वाईट मुलं अन् पंचवीस चांगली मुलं. दोन्हींच्या मेंदूचे आलेख काढायचे अन् फरक दाखवायचा. वाईट म्हणजे नाचणगाव रस्त्यावरच्या बालसदनातली — कोणी चोरी केली, कोणी घरून पळाला, एकानं काकाची कडब्याची गंजी पेटवून दिली. चांगली म्हणजे आमच्या दवाखान्यातल्या लोकांची. चांगली रविवारी सकाळी नऊला येतात, भरपूर झोपून, पावडर लावून. वाईट मुलं जेवण आटोपून जीपनं निघतात, दोन वाजता पोचतात.

खुर्चीत बसवायचं, डोक्याला वायरी लावायच्या, डोळे मिटायला सांगायचं. आठ पेनं कागदावर रेघा ओढत जातात. पोरगा पेंगला की रेघा आपोआप संथ होतात, तो कागद बाद. म्हणून मी मधून मधून विचारतो — जागा आहेस ना रे? अन् कागदाच्या कडेला लिहितो — 'जागा'. हे माझं काम. एवढं एकच काम आहे जे मशीन करत नाही.

पण बालसदनाची पोरं याबाबतीत हिरे! ताठ बसतात, मान हलत नाही, विचारलं की लगेच 'जी'. चांगली मुलं चुळबुळ करतात, नाक खाजवतात. वाईट मुलं पुतळ्यासारखी. अण्णाजींची शिस्तच तशी. पहाटे चारला उठून प्रार्थना, मग झाडलोट, मग टकळीवर सूतकताई.

अन् तरी रेघा संथ! चांगल्यांच्या सेकंदाला नऊ-दहा लाटा, यांच्या पाच, कधी चार. डॉक्टर म्हणतात, 'मेंदू थंड असला की त्याला चेतवायला काहीतरी लागतं. म्हणून पोरगा चोरी करतो, पळतो, आग लावतो.' ऐकताना अंगावर काटा येतो. आपण पोरांना उगाच बदडतो. सगळं आतच लिहिलेलं असतं!

५ डिसेंबर, शनिवार

नको ते करून बसलो.

तेवीस नंबरचा पोरगा पुलगावच्या फाटकावर जीप थांबली तशी उडी मारून पळाला. कागद लावलेला, वर नंबर लिहिलेला, पेनात शाई भरलेली, खुर्ची रिकामी. डॉक्टर नागपूरला. तेवढ्यात रतन डबा घेऊन आला. शनिवारची सकाळची शाळा सुटली होती.

म्हटलं, बस रे खुर्चीत. गंमत म्हणून. खरं लिहू? गंमत नव्हती. मला पाहायचं होतं, माझ्या पोराचं डोकं कसं सुंदर चालतं ते. नववीत आहे. दिवाळीपासून मी त्याला रोज चारला उठवतो. अण्णाजींची चोरटी पोरं चारला उठतात, मग माझा पोरगा काऊन नाही? तोही तसाच ताठ बसतो पुस्तक घेऊन. अंथरुणातून हाक मारली की 'जी' म्हणतो. कधी कुरकूर नाही.

पाच. सेकंदाला पाच. मध्ये मध्ये चार.

वायरी तपासल्या. वायरी चिकटवायची पेस्ट परत लावली. दोनदा विचारलं — जागा आहेस ना बे? 'जी'. तिसऱ्यांदा विचारलं. 'जी'. कडेला 'जागा' लिहिलं.

रतन विचारतो, 'कसं आलं जी बाबा?' म्हटलं, चांगलं आलं, घरी जा.

संध्याकाळी डबा न उघडता तसाच घरी नेला.

७ डिसेंबर

डॉक्टरांनी गठ्ठा पाहिला. तेवीस नंबरवर थांबले. मला वाटलं, आता सांगावं. सांगणारच होतो. तेवढ्यात ते म्हणाले, 'हा बघ. अगदी पुस्तकात छापावा असा! हा मुलगा आज ना उद्या मोठं काहीतरी करणार, हरिदास. चोरी म्हणजे तर याची सुरुवात.'

मग मी कसं सांगू? बालसदनाचाच आहे असं समजून त्यांनी तो गठ्ठ्यात ठेवला.

१० डिसेंबर

रतनकडे पाहत होतो जेवताना. भाकरीचा तुकडा हातात धरून कुठंतरी पाहत बसतो. हे आधीपासून होतं की आताच?

१९ डिसेंबर

शाळेत जाऊन आलो. वर्गशिक्षक नत्थूजी म्हणाले, 'पोरगा चांगला आहे हो, पण दुपारच्या तासाले कुठंतरी हरवते. विचारलं का उत्तर देते, पण भलतंच.' थंड मेंदू! दुसरं काय? नत्थूजींना काही बोललो नाही. त्यांना काय कळणार.

घरी आल्यावर त्याचं दप्तर पाहिलं. दोन पेनं जास्त सापडली. म्हणाला, मित्राची आहेत. मित्राकडे जाऊन विचारलं. त्याचीच होती. दिली होती म्हणे उसनी. बरं वाटलं, अन् बरं वाटलं याची लाजही वाटली.

२० डिसेंबर

लीला म्हणते, 'अजी, तुमी पोराकडं असं काऊन पाहून राह्यले? पोलीस पाह्यते तसं!' म्हटलं, काही नाही.

तिला काय सांगू? तुझ्या पोराचं डोकं तेवीस नंबरचं आहे म्हणून?

१ जानेवारी १९८२

नवीन वर्ष. पहाटे साडेतीनलाच उठवलं रतनला. मेंदूला मेहनत दिली तर सुधारेल, असं माझ्या मनात आहे. डॉक्टरांना आडून विचारलं, 'असे मुलं सुधारतात काय साहेब?' म्हणाले, 'शिस्त. कडक शिस्त. दुसरं औषध अजून नाही.'

७ जानेवारी, गुरुवार

घड्याळ गेलं.

सासऱ्यांनी लग्नात दिलेलं. वायरी लावताना पेस्ट लागते म्हणून मी ते दवाखान्यात नेत नाही, घरी कोनाड्यात ठेवतो. सकाळी होतं. संध्याकाळी नाही. घरात तिघंच. लीला, मी, तो.

आज ना उद्या, असं डॉक्टर म्हणाले होते. बरोबर एक महिना झाला!

८ जानेवारी

मारलं. लिहायलाही नको वाटतं. कंबरेचा पट्टा काढून मारलं. 'म्या नाई घेतलं बाबा, म्या नाई घेतलं.' जितकं म्हणे तितका माझा राग वाढे. लीला मध्ये पडली तर तिच्या हातावर वळ उठला.

ती ओरडली, 'काल दुपारी घर उघडं टाकून मी नळावर गेलती! कोणीबी शिरलं असन! शेजारचे पोट्टे येऊन-जाऊन राह्यतात. याच्याच मागं काऊन लागले?' मी ऐकलं नाही. ऐकू आलं, पण ऐकलं नाही.

रात्री कोणी जेवलं नाही.

१० जानेवारी, रविवार

आज त्याला दवाखान्यात नेलं. खोली उघडली. चांगल्या मुलांचा एक कागद काढला अन् त्याच्याशेजारी तेवीस नंबर ठेवला. म्हटलं, पाहा. हे प्राध्यापकाच्या पोराचं डोकं. हे तुझं. अन् हे पाहा — हा गंजी पेटवणारा प्रेमदास. हा सायकल चोरणारा. तुझं कोणासारखं आहे, तूच सांग.

बराच वेळ पाहत राहिला. बोट ठेवून लाटा मोजल्या त्यानं. मग म्हणाला, 'याच्यासारखं.' प्रेमदासच्या कागदावर बोट.

'मशीन कधी चुकते काय जी?'

म्हटलं, मशीनला खोटं बोलून काय मिळते बे? माणूस खोटं बोलतो. मशीनला डोक्यातलं दिसते.

मी रागानं नाही बोललो. अगदी शांतपणे बोललो. समजावून सांगावं तसं. मला वाटलं, खरं कळलं तर पोरगा सांभाळून राहील. हेतू वाईट नव्हता माझा.

घरी येईपर्यंत माझ्या मागे दहा पावलं चालत आला.

१३ जानेवारी

कबूल झाला!

सकाळी मी दाढी करत होतो. मागे येऊन उभा राहिला अन् म्हणाला, 'बाबा, घड्याळ म्याच घेतलं.' रडला नाही, काही नाही. जसा हजेरीला 'उपस्थित' म्हणतो तसा आवाज.

कोणाला दिलं? 'आठवत नाई.' कुठं विकलं? 'आठवत नाई.' बाजारात की स्टेशनवर? 'नाई आठवत बाबा.' किती निर्ढावलेलं पोरगं! तोंडावर खोटं बोलतो अन् डोळ्यांत पाहतो.

पण मी हात उचलला नाही. आता मारून काय? डॉक्टर खरे ठरले, मशीन खरी ठरली. बापच तेवढा खोटा पडला, जो चौदा वर्षं त्याला चांगला समजत होता.

१४ जानेवारी

संक्रांत. शेजारची मुलं तीळगूळ घेऊन आली. रतन आतल्या खोलीतून बाहेर आला नाही. मी म्हटलं, राहू द्या, त्याला बरं नाही.

१८ जानेवारी

अण्णाजींना भेटलो. बालसदनाच्या कार्यालयात चटईवर बसले होते, समोर टकळी. पासष्टी उलटलेली, पण पाठ काठीसारखी. बापाच्या अर्जावरही ते पोरं ठेवून घेतात, हाताबाहेर गेलेली. माझ्यासारखा नोकरदार माणूस अर्ज घेऊन आला म्हणून दचकले जरा.

'हरिदास, तुझा मुलगा? विचार केलास ना?'

म्हटलं, अण्णाजी, दोन-तीन महिने ठेवा. तुमच्या शिस्तीनं कदाचित सुधारेल. आलेखाचंही सांगितलं. फक्त त्यांना. त्यांनी डोळे मिटून घेतले अन् म्हणाले, 'पाठव. आम्ही चुकलेल्या मुलाला चोर म्हणत नाही, बाळ म्हणतो.'

रडू आलं. रस्त्यावर येऊन रडलो.

१९ जानेवारी

लीलानं घरात आकाशपाताळ एक केलं.

'मशीननं सांगतलं अन् तुमी आयकलं! नऊ महिने पोटात म्या ठेवलं, मले त विचारा एकदा! ज्यानं आजवर दुधावरची साय न विचारता खाल्ली नाई, तो घड्याळ चोरते?'

म्हटलं, तो स्वतः कबूल झाला.

'तुमी पट्टा घेऊन उभे राहाल त मीबी कबूल होईन! लंकेले आग म्याच लावली म्हणून सांगीन!'

पट्टा नव्हता माझ्या हातात त्या दिवशी. हे मी तिला दहा वेळा सांगितलं. पट्टा नव्हता. तो आपणहून आला.

२४ जानेवारी, रविवार

सोडून आलो. पेटी, सतरंजी, दोन खाकी चड्ड्या, दोन बंड्या. फाटकातून आत जाताना त्यानं मागे वळून पाहिलं नाही. मी तिथंच उभा राहिलो, तो वळेल म्हणून.

लीला दारापर्यंतही आली नाही. तिनं त्याच्या पेटीत लाडू ठेवले होते, ते अण्णाजींनी सगळ्यांत वाटायला काढून घेतले. तिथला नियम.

२५ जानेवारी

सवयीनं चारला उठलो. हाक मारली. मग आठवलं.

३ फेब्रुवारी

चांगल्या मुलांचा शेवटचा कागद झाला. पन्नास पूर्ण. डॉक्टर खूश. पेपर पाठवला म्हणे परिषदेला. मला पेढा दिला. कागदात गुंडाळून खिशात टाकला.

११ फेब्रुवारी

लीला माझ्याशी बोलत नाही. भिंतीशी बोलते. 'जेवाले वाढलं हाय,' असं भिंतीला सांगते अन् निघून जाते. अठरा वर्षांच्या संसारात हे पहिल्यांदा. मीही भिंतीलाच म्हणतो, हो.

२१ फेब्रुवारी, रविवार

हे नीट लिहिलं पाहिजे. सगळं नीट लिहिलं पाहिजे.

काल दुपारी रतनला भेटायला गेलो. वाळला आहे. बोलला नाही फारसं — 'बरा आहो', 'जेवतो', 'आई कशी हाय'. बोलता बोलता शेवटची एस.टी. चुकली. अण्णाजी म्हणाले, राहा इथंच, पहाटेची प्रार्थना पाहून जा, मन शांत होईल.

चारला घंटा झाली. पडवीत कंदील. चाळीस पोरं ओळीनं बसलेली, मांडी घालून, हात जोडून, डोळे मिटून. एकाचीही मान वाकडी नाही! अण्णाजी समोर डोळे मिटून प्रार्थना म्हणत होते, पोरं ऐकत होती. मधूनच अण्णाजी विचारत, 'मुलांनो, जागे आहात ना?' अन् चाळीस तोंडं एकदम — 'जी!'

छाती भरून आली. म्हटलं, वा, याला म्हणतात शिस्त.

मी शेवटच्या रांगेमागे बसलो होतो. माझ्यापुढे प्रेमदास, तोच गंजीवाला, बारा वर्षांचा. प्रार्थना संपल्यावर झाडू घेऊन निघाला तेव्हा म्हटलं, शाबास रे, एवढ्या पहाटे किती छान बसतोस! तो हसला. मला ओळखलं होतं त्यानं.

'वायरवाले सर, आमी बसतो कुठं? झोपतो नं!'

काय?

'सगळेच झोपतात जी. मान पडली का दिवसभर उभं ठेवते, म्हणून मान पडू द्याची नाई. पाठ भिताडासारखी ठेवाची. अन् कानाले इचारल्याचं आयकू आलं का जी म्हणाचं. पह्यले जमत नाई. महिनाभरानं जमते. तुमच्या रतनले त आल्याबरोबर जमलं! तो म्हणे, मले घरूनच येते.'

मले घरूनच येते.

मी विचारलं — अन् माझ्या खुर्चीत? माझ्या खुर्चीत बसला होतास तेव्हा?

तो जरा घाबरला. मग खाली पाहून म्हणाला, 'तुमची खुर्ची लई मऊ हाये, सर. पंखाबी होता.'

धावत गेलो रांगेकडे. सगळी पोरं पांगली होती. एकटा रतन तिथंच बसला होता, पाठ ताठ, हात जोडलेले, चेहरा शांत. त्याच्यासमोर उकिडवा बसलो. हळूच म्हटलं, रतन, जागा आहेस ना बे?

'जी.'

डोळे उघडले नाहीत. श्वास संथ. गाढ झोपला होता माझा पोरगा. अन् तो 'जी' मला ओळखीचा होता. दिवाळीपासून रोज पहाटे अंथरुणात पडल्या पडल्या मी हाच 'जी' ऐकत होतो अन् कुशीवर वळून खुशाल झोपत होतो.

२२ फेब्रुवारी

डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी तीनदा सांगायला लावलं. मग पंचवीस कागद टेबलावर पसरले अन् कडेच्या अक्षरावर बोट ठेवलं. 'जागा. जागा. जागा. हे कोणी लिहिलं?'

मीच.

'मला वाटलं तू पाहून लिहितोस.'

विचारून लिहीत होतो साहेब.

मग तेवीस नंबरचंही सांगितलं. डॉक्टर चष्मा काढून पुसत बसले. पुसलेला चष्मा परत पुसला. 'तेव्हाच का नाही बोललास?' मग म्हणाले, सकाळच्या वेळी परत काढ. पोरांना आधी झोपू दे. मग बोलू.

२३ फेब्रुवारी

अण्णाजींना पटेना. 'पोरांना सातपर्यंत झोपू द्या म्हणतोस? याला उपचार म्हणायचं का? मी चाळीस वर्षं चारला उठतो. एकदाही पेंगलो नाही.' मी म्हटलं, अण्णाजी, तुम्ही रात्री आठला झोपता. पोरं भांडी घासून, सूत गुंडाळून दहाला झोपतात.

बोललो खरा. त्यांच्या चेहऱ्याकडे पाहवलं नाही. या माणसानं कोणाचं वाईट चिंतलं नाही कधी. मग टकळी खाली ठेवून म्हणाले, 'सहा मुलं ने. चार दिवस त्यांना घंटा नाही. रतन त्यात घे.'

२८ फेब्रुवारी, रविवार

सकाळी नऊ वाजता सुरू केलं. प्रेमदास — सेकंदाला दहा. सायकलवाला — नऊ. बाकी तिघांचे नऊ, दहा, नऊ. प्राध्यापकाच्या पोरांना लाजवतील अशा रेघा!

शेवटी रतन. वायरी लावताना माझी बोटं चिकटत होती एकमेकांना. 'जागा आहेस ना' विचारलं नाही. समोर बसलो अन् त्याला गप्पा मारायला लावलं, मग डोळे मिटायला सांगितलं, परत बोलतं केलं.

सेकंदाला साडेनऊ. सुरेख, एकसारखी लाट. डोळे मिटले की उठते, उघडले की विरते. पुस्तकात छापावी अशी.

त्याला कागद दाखवला. म्हटलं, पाहा, तुझं डोकं चांगलं आहे. आधीची चूक माझी. त्यानं मान हलवली. आनंद झाला की नाही, कळलं नाही. जीप बाहेर उभी होती, परत जावं लागलं.

१ मार्च

डॉक्टरांनी परिषदेला तार केली — पेपर मागे घेतो. संध्याकाळी जाताना दारात थांबून म्हणाले, 'मुलाला घरी आण.'

लीलाला सगळं सांगितलं. भिंतीला नाही, तिला. ती ऐकून घेत होती. मला वाटलं आता तुटून पडेल, मी तयार होतो. पण ती एवढंच म्हणाली, 'चार वाजता उठवाचं बंद.'

६ मार्च

उद्या रतनला आणायचं. अण्णाजींनी कागदावर सही केली. बालसदनाची घंटाही आता सहाला होते म्हणे. पोरांपेक्षा त्यांनाच जड जातंय ते.

लीलानं अंथरुणं उन्हात टाकली. मी कोनाडा पुसला. घड्याळाचा विचार करत होतो. आलेख चुकला, पण चोरी तर झालीच होती. म्हणजे डोकं चांगलं असूनही घेतलं त्यानं. असो. पोरं करतात. मीही शेजारच्या वाडीतले पेरू चोरले आहेत. मारलं, बालसदनात ठेवलं, शिक्षा पुष्कळ झाली. मी ठरवलं आहे, मनापासून माफ करायचं. त्याला तसं स्पष्ट सांगायचं, म्हणजे त्याच्या मनावरचं ओझं जाईल. आज बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवलो.

७ मार्च, रविवार

आणलं घरी. झोपला आहे आता.

एस.टी.त शेजारी बसवलं होतं. म्हटलं, घड्याळाचं मी माफ केलं. फक्त कोणाले देल्लं ते सांग, मी रागवत नाई.

'मले नाई माहीत बाबा. घेतल्याचंबी आठवत नाई. लई आठवून पाह्यलं. पण तुमी म्हणाले, मशीनले डोक्यातलं दिसते. मंग म्हटलं, घेतलंच असन म्या, मलेच कळलं नसन.'

देवळीच्या स्टँडवर बस थांबली, लोक चढले-उतरले. बस सुटल्यावर त्यानं माझी बाही ओढली.

'मंग बाबा, म्या खरंच नाई घेतलं काय?'